सामोवार उकळायच्या आत

दामिराच्या लग्नात विहीण रुसली होती, तालायच्या लग्नात थोरली जाऊ रुसली होती, आता नातवाच्या तुशोला, म्हणजे पहिल्या पावलांच्या कार्याला, सून रुसली. सालकिन आपाच्या घरात कार्य आणि रुसवा ही जुळी भावंडं होती. एक आलं की दुसरं दाराशी उभं असायचंच.

जिबेकचं रुसणं मात्र आदळआपटीचं नव्हतं. तिने सामोवारच्या पितळी बंबातलं पाणी घालून सकाळचा चहा ओतला, कटोरी दोन्ही हातांनी सासूपुढे धरली आणि मान खाली घालूनच म्हणाली, "आपा, बायेलचा तुशो झाला की मी दोन्ही मुलांना घेऊन काराकोलला आईकडे जाते. थंडी पडली की परत येईन."

सालकिनने कटोरी हातात घेतली, पण तोंडाला लावली नाही. उन्हाळा आत्ता कुठे लागला होता. थंडी पडेपर्यंत म्हणजे जर्दाळू पिकून, वाळून, गोणीत भरले जाईपर्यंत. तेवढ्या काळात बायेल चालायचा थांबून पळायला लागला असता, आणि सहा वर्षांची आयजान शहरातल्या आजीच्या पदराखाली बसून बिस्किटं खायला शिकली असती.

"का गं? इथे तुला कुणी उपाशी ठेवलंय?"

"वरचं तळं फुगलंय, आपा."

सालकिन नाकाने हसली. डोंगराच्या कुशीत, बर्फाच्या ओठाशी, एक निळं तळं होतं. पूर्वी ते झाकणाएवढं होतं म्हणे, आता परातीएवढं झालं होतं. गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या खोऱ्यातलं तसलंच तळं फुटलं आणि गाईएवढाले धोंडे घेऊन चिखलाचा लोंढा खाली आला. ओढ्याकाठची सगळी आळी वाहून गेली. माणसं वाचली, कारण दिवस होता आणि एका मेंढपाळाने वरून ओरडून गावाला सावध केलं. तेव्हापासून आपत्तीवाले लोक गावोगाव हिंडत होते. त्यांनी इथेही ओढ्याच्या तोंडाशी खांबावर भोंगा बसवला. जिबेक गावच्या दवाखान्यात परिचारिका, म्हणून तिलाच शिकायला बोलावलं; आणि ती परत आली ती डोक्यात ते तळं घेऊनच.

"मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून तो डोंगर तिथेच आहे," सालकिन म्हणाली.

"डोंगर तिथेच आहे, आपा. बर्फ तिथे नाही."

सालकिनला राग आला. खरं तर रोज सकाळी गाईचं दूध काढताना तिचीही नजर वर जायची. बर्फाची पांढरी कड वर्षागणिक मागे मागे सरकत होती, नवऱ्याच्या टकलासारखी. पण आपण पाहिलेली गोष्ट सुनेच्या तोंडून ऐकायची म्हणजे आपल्याच विहिरीचं पाणी शेजारणीने वाढायचं.

"मुलं त्यांच्या घरात वाढतात. उन्हाळ्यात आमची मुलं डोंगराकडे जातात, शहराकडे नाही," ती म्हणाली.

"मुलं जिवंत असली की कुठेही वाढतात," जिबेक म्हणाली. आवाज मऊच होता. सालकिनला तो मऊपणाच जास्त बोचला. भांडणारी सून असती तर सालकिन केव्हाच जिंकून मोकळी झाली असती.

तालाय, सालकिनचा धाकटा आणि या घराचा वारस, भिंतीशी बसून मोजा घालत होता. एक मोजा घालून झाल्यावर तो काढून पुन्हा घालू लागला. आई आणि बायको यांच्या मधल्या जागेत त्याने लग्नापासून एवढंच एक काम मन लावून केलं होतं.

"तू काय म्हणतोस?" सालकिनने विचारलं.

"मी म्हणतो, दोघींचंही बरोबर आहे."

"असा दोन्हीकडे लोणी लावणारा मुलगा मी कधी जन्माला घातला मला आठवत नाही," सालकिन म्हणाली, आणि सुनेकडे वळली. "बरं, तुझे ते आपत्तीवाले काय सांगतात? भोंगा वाजल्यावर लोंढा यायला किती वेळ?"

जिबेकने मिनिटं सांगायला तोंड उघडलं, पण सालकिनने हात वर केला. "मिनिटं मला सांगू नकोस. घड्याळ माझ्या घरात पाहुणं आहे. गार पाण्याने भरलेला सामोवार पेटवला, तर उकळायच्या आधी येईल की नंतर?"

जिबेकने तालायकडे पाहिलं. तालायने मोज्यातून डोकं वर काढून क्षणभर हिशेब केला. "साधारण उकळतानाच."

"मग झालं तर. भोंग्याच्या नावाने थाळी बडवा, सामोवार पेटवा. तो उकळायच्या आत माझं घर मागच्या टेकडीवर पोचलं, तर मुलं इथे राहतात. नाही पोचलं, तर मी स्वतः त्यांचे कपडे बांधून देईन."

जिबेकने पहिल्यांदा मान वर केली. "सगळं घर, आपा. एकही माणूस खाली राहिला तर नाही."

"सगळं घर," सालकिन म्हणाली आणि चहा एका घोटात संपवला. थंड झाला होता, पण ते तिने कुणाला कळू दिलं नाही.

*

तुशोसाठी माणसं आधीच जमली होती. राजधानीतून दामिरा आली होती, सालकिनची थोरली लेक. तिच्या मते आईच्या घरात सगळं चुकीच्या जागी ठेवलेलं असायचं. ओढ्यापलीकडून शारिपा आली होती, सालकिनच्या नवऱ्याच्या, मुकाशच्या, थोरल्या भावाची विधवा, म्हणजे तिची जाऊ, काठी टेकत चालणारी आणि शब्द टेकत बोलणारी. सालकिनला या जगात एकाच बाईपुढे मान झुकवावी लागायची, ती ही. म्हणून ती तिला वर्षातून मोजक्याच वेळा बोलवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयजानने अंगणात थाळी बडवली. तिला सांगितलं होतं की जोरात बडव. तिने अशी बडवली की थाळीला पोचा पडला. सामोवारच्या नळकांड्यातून धूर निघाला.

मुकाश लगेच उठला. सालकिनला कौतुक वाटलं, म्हातारा चपळ आहे अजून. पण तो गेला तो तबेल्याकडे, आणि घोडीवर आधी घोंगडी टाकली, मग खोगीर ठेवलं, मग पोटाचा पट्टा, मग छातीवरचा चांदीच्या टिकल्यांचा पट्टा, जो मुळात हरवलेला होता. घोडी उघडीवाघडी टेकडीवर नेणं म्हणजे माणसाने सदऱ्याशिवाय लग्नाला जाणं, असं त्याचं मत होतं. तालायने टीव्ही उचलला. दामिराने आपला नवा कोट घातला, भर उन्हात, आणि आईची पाहुण्यांची कपबशी चादरीत गुंडाळायला घेतली.

"ती राहू दे," जिबेक म्हणाली. "कागदांची पिशवी, पाणी, औषधं, मुलं. आणि गाय सोडा."

"गाय मी आधीच सोडली," सालकिन म्हणाली. हे खरं होतं. दावं सुटलं की गाय स्वतःच टेकडीकडे धावते, हे कळायला तिला कुठल्या शिकवणीची गरज नव्हती. पण यानंतर ती दाराशी गेली आणि सवयीने, अगदी श्वास घ्यावा तसं, टोपलीतला नान उचलून तोडू लागली. घरातून बाहेर पडणाऱ्याने नानचा तुकडा तोंडात घातल्याशिवाय पडू नये. तिच्या सासूने हे पाळलं, सासूच्या सासूने पाळलं, लढाईवर जाणारे पुरुषसुद्धा तुकडा चावूनच गेले होते.

"तोंड उघड," ती तालायला म्हणाली. त्याचे दोन्ही हात टीव्हीत अडकले होते. त्याने पाखराच्या पिल्लासारखं तोंड उघडलं.

"तू पण." दामिराने खाल्लं. "तू." शारिपाला दात कमी, तिने तुकडा चहात बुडवून मागितला. चहा आणावा लागला.

शेवटी दारात शारिपा, सालकिन आणि कडेवर बायेलला घेतलेली जिबेक एवढ्याच उरल्या, आणि तिथेच खरा घोळ झाला. शारिपा सगळ्यात मोठी म्हणून पहिली निघायला हवी. पण ती म्हणाली, "मी या घरची नव्हे, पाहुणी, यजमानीणबाई असताना मी पळून कशी जाऊ?" सालकिन म्हणाली, "तुम्ही थोरल्या, जाऊबाई, तुमच्या आधी मी पाऊल टाकलं तर सासूबाई वरून खडे मारतील." आणि दोघींच्या मागे जिबेक मान खाली घालून उभी राहिली, कारण सून सासूच्या पुढे चालत नाही, नऊ वर्षांत ती एकदाही चालली नव्हती, आणि लोंढ्याचं नाव घेतलं तरी पायांना ते कळलं नाही. तिघी एकमेकींना वाट देत राहिल्या. शारिपा खुर्चीसुद्धा मागणार होती.

अंगणात सामोवारचं झाकण थडथडायला लागलं. मग वाफ उसळली.

आयजान तेवढी टेकडीवर पोचली होती. तिथून ती हात हलवत होती, शेजारी कुत्रा होता.

कुणीतरी हसलं, बहुधा दामिरा. मुकाश तबेल्यातून ओरडला की पट्टा सापडला. जिबेक हसली नाही. ती टेकडीकडे बघत म्हणाली, "आज खरं असतं, तर आपल्याकडे एक मुलगी उरली असती. आणि कुत्रा."

ती आत गेली. थोड्या वेळाने सालकिनला पेटी उघडल्याचा आवाज आला.

*

दुपारी सालकिन जर्दाळूखाली लाकडी माचावर बसली होती आणि शारिपा तिच्यासमोर. मधे बोरसोकांची परात होती, तळलेले पिठाचे गोळे, तुशोसाठी केलेले. शारिपा ते नाही नाही म्हणत खात होती.

"तुझी सून आगाऊ आहे," शारिपा म्हणाली.

"आहे. पण माझी आहे. आगाऊ म्हणायचा हक्क माझा."

"मी तर तुझ्याच बाजूने बोलते."

"तुम्ही तालायच्या लग्नातही माझ्याच बाजूने बोलत होता, जाऊबाई. त्यानंतर तीन महिने मला विहिणीचं तोंड बघवत नव्हतं."

शारिपाने आणखी एक बोरसोक उचलला. "मग जाऊ दे मुलांना. उन्हाळा निघून जाईल. आम्ही नव्हतो का एकट्या राहिलो?"

सालकिनने परात तिच्याकडे सरकवली. शारिपाची मुलं रशियात होती. दर उन्हाळ्यात येणार म्हणायची. ओढ्यापलीकडच्या घरात तिच्या गाद्यांची रास छतापर्यंत होती आणि त्यावर झोपायला कुणी नव्हतं. सालकिनने जावेकडे नीट पाहिलं, आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा तिला ती अहंकारी न वाटता नुसती म्हातारी वाटली. हे तिला आवडलं नाही. शत्रू म्हातारा झाला की आपणही झालेलो असतो.

"ती म्हणते ते खरं आहे," सालकिन हळूच म्हणाली. "आज दारात आपण तिघी मेलो असतो. मानापानाने."

"मग काय, पुढे पुढे पळायचं? थोरल्यांना ढकलून? उद्या लोक म्हणतील, मुकाशच्या घरात सून सासूला तुडवून बाहेर पडते."

"लोक टेकडीवर असतील तेव्हा म्हणतील ना. खाली असतील तर त्यांचीही तोंडं चिखलाने भरलेली असतील."

शारिपाला हसायचं नव्हतं तरी ती हसली आणि तिला ठसका लागला. सालकिनने तिच्या पाठीवर थापटलं, गरजेपेक्षा थोडं जोरात.

बायेल माचाच्या कडेला धरून उभा होता. एक पाऊल टाकलं, बसला, पुन्हा उठला. उद्या त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधायची, लांबून मुलं पळत येणार, जो पहिला पोचेल तो दोरी कापणार, आणि मग पोरगं आयुष्यभर अडखळणार नाही. पळणारे एका टोकाला, बांधलेलं पोर दुसऱ्या टोकाला. असंच चालत आलेलं.

सालकिन त्याच्या पायांकडे बघत राहिली. मग तिने अंगणातून थेट टेकडीपर्यंत नजर नेली आणि परत आणली.

"तालाय," तिने हाक मारली. "ते नमद्याचं घर, तो लोकरीचा तंबू, अडगळीतून काढ. वडलांना घेऊन आज संध्याकाळच्या आत टेकडीवर उभं कर. मेंढवाड्यापाशी, सपाटीवर."

"आई, पाहुण्यांना अंगण पुरेल की."

"मी अंगणाबद्दल विचारलं का?"

मग ती घरात गेली आणि आपल्या गाद्यांच्या राशीसमोर उभी राहिली. पेटीवर रचलेली रास, मखमली कडांची, लग्नात आणलेली, दर वर्षी वाढवलेली. गावातल्या बायका दारातून आधी तिला नमस्कार करायच्या की राशीला, हे कळायचं नाही. तिने वरच्या गाद्या ओढून काढायला सुरुवात केली. रास निम्मी झाली. दामिरा धावत आली. "आई, हे काय चाललंय?"

"वर नेतेय. वर माणसं झोपली तर खाली काय घालतील, तुझा कोट?"

दामिराने आईला असं राशीला हात लावताना कधी पाहिलं नव्हतं. मग तिने वाकून मोठी गादी खांद्यावर घेतली आणि जाता जाता जिबेकला म्हणाली, "तू पेटी बंद कर आधी. आईच्या डोक्यात काहीतरी शिजतंय."

*

दुसऱ्या दिवशी सगळे अंगणात जमले. टेकडीवर नमद्याचं घर पांढरं दिसत होतं, मेंढीसारखं. त्यात पीठ होतं, किटली होती, पाण्याचे डबे, कंदील, औषधांची पेटी, आणि निम्मी रास. शेजारची मुलं पळायला तयार होती, पण बायेलला कुठे उभं करणार ते कुणाला कळत नव्हतं.

सालकिन पायरीवर उभी राहिली. तिने डोक्यावरचा पांढरा रुमाल नीट बांधला.

"ऐका," ती म्हणाली. "आज दोरी वर कापायची. पोराचे पाय इथे बांधायचे, घरात. त्याला घेऊन त्याची आई पळणार. ती दारातून बाहेर पडली की थाळी वाजणार, सामोवार पेटणार, आणि मग बाकीचे तिच्या मागे. जो आधी पोचेल तो कापेल. पण वर जेवणाचं कापड सगळे पोचल्याशिवाय उघडायचं नाही. आणि नानही वरच आहे. आजपासून या घरातून पळताना कुणाला खाली तुकडा मिळणार नाही. चाखायचा असेल तर टेकडी चढा."

"म्हणजे शर्यतीची शेवटची रेघच पुढे पळणार?" तालायने विचारलं.

"हो. आणि तू टीव्ही घेतलास तर तिथेच फोडीन."

मुलांना हे भलतंच आवडलं. सगळे आत शिरले, घर माणसांनी गच्च भरलं. जिबेकने बायेलचे पाय काळ्या-पांढऱ्या दोरीने बांधले, त्याला कडेवर घेतलं, आयजानचा हात धरला. आणि दारापाशी येऊन थांबली.

दाराच्या या बाजूला शारिपा होती, त्या बाजूला सालकिन. जिबेकची मान आपोआप खाली गेली.

"जा," सालकिन म्हणाली.

"जाते, आपा." पण पाय हलले नाहीत. मागे तीस डोळे बघत होते, शेजारणी, त्यांच्या सासवा.

"आपा, तुम्ही..." ती म्हणाली.

सालकिनला कळलं. हुकुमाने हे व्हायचं नाही. सून हुकूम ऐकते, पण तिच्या पायांना सासूने नव्हे, तिच्या आईने शिकवलेलं असतं, आणि त्या आईला तिच्या सासूने. सालकिनने एकदा जिबेककडे पाहिलं, एकदा पोराच्या बांधलेल्या पायांकडे. मग ती सावकाश वळली, दाराकडे पाठ केली, आणि नाक भिंतीला लावून उभी राहिली.

"मी आता आतल्या बाजूला चालले आहे," ती भिंतीला म्हणाली. "माझं तोंड इकडे. दारातून जो जातो तो माझ्या मागून जातो. सून माझ्या मागेच आहे. कुणाला काही म्हणायचंय?"

मग काठीचा ठकठक आवाज आला. शारिपा वळत होती. तिला वळायला वेळ लागायचा. तिनेही नाक भिंतीला लावलं, दाराच्या दुसऱ्या बाजूला.

"मलाही तिकडचं काही दिसत नाही," ती म्हणाली.

जिबेक पळाली. थाळी वाजली. मुलं ओरडत सुटली, दामिरा कोटाशिवाय, तालाय हातात नुसती कागदांची पिशवी घेऊन, शेजारणी आपापल्या घागऱ्यांचे घोळ उचलून. दार इतक्या वर्षांत एवढ्या भरभर कधी रिकामं झालं नव्हतं.

उरल्या दोघी, भिंतीकडे तोंड करून.

"आता आपलं काय?" शारिपा म्हणाली.

"तुम्ही पुढे व्हा."

"मी पाहुणी."

"तुम्ही थोरल्या."

बाहेर सामोवारचं नळकांडं सूं सूं करायला लागलं होतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकदमच दारात शिरल्या, आडव्या, पोटं आत ओढून, आणि एकमेकींत अडकल्या. शारिपाची काठी चौकटीत अडकली. सालकिनने तिला बकोटीला धरून ओढलं. बाहेर आल्या तेव्हा कोण आधी आलं ते देवालाही सांगता आलं नसतं.

अंगणात मुकाश घोडी घेऊन उभा होता. खोगीर नव्हतं, पट्टा नव्हता, नुसता लगाम. सालकिनने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर खाली घातली. "म्हटलं, घाईचं काम आहे," तो पुटपुटला.

"दोघी कशा बसणार?"

"जशी आमची आई धाकट्याला घेऊन बसायची तशी."

त्याने माचाशी घोडी लावली. शारिपाला आधी वर चढवलं, ती मागे सरकली, सालकिन पुढे चढून बसली, आणि शारिपा तिच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "पुढे बसणाऱ्यापेक्षा मागे बसणाऱ्याचा मान मोठा. हे लक्षात ठेव." "ठेवते," सालकिन म्हणाली आणि लगाम आवळला. वीस वर्षांनी ती घोड्यावर बसली होती. घोडीने एकदा कान हलवले, ओळखीची बाई आहे हे तिला कळलं असावं, आणि जर्दाळूंमधून टेकडी चढायला लागली. मुकाश शेपटी धरून मागून.

वरून हसण्याचा लोट खाली आला. दामिरा टाळ्या वाजवत होती. "आलं बघा, वरातीमागून घोडं."

"घोडं येतंय हे बघ," सालकिनने ओरडून सांगितलं. "वरात तर कालच बुडाली होती."

माथ्यावर पोचल्यावर तिने आधी सुनेकडे पाहिलं नाही. जिबेक तालायच्या शेजारी उभी होती; तालायच्या डोळ्यांना वडलांची मेंढपाळी दुर्बीण होती, रोख खाली अंगणावर.

"काय दिसतं?" जिबेकने विचारलं.

"धूर. अजून नुसता धूर. झाकण हललं नाही."

जिबेकने दुर्बीण त्याच्या हातातून घेतली, स्वतः पाहिलं, बराच वेळ. मग माणसं मोजली, ओठ न हलवता, नजरेने. मुकाश शेवटचा होता, घोडीच्या मागे धापा टाकत. तिची नजर त्याच्यावर थांबली आणि तिने दुर्बीण खाली केली.

दोरी आयजाननेच कापली. शेजारचा मोठा पोरगा आधी पोचला होता, पण त्याने म्हणे बुटात खडा गेल्याचं निमित्त केलं. बायेल सुटला, तीन पावलं टाकली, आणि सगळे नातलग हात पसरून बसलेले असताना कुत्र्याच्या गळ्यात पडला. शारिपाने दोन्ही तळवे आकाशाकडे उघडले. "या पोराचे पाय कधी अडखळू नयेत," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "आणि या घराच्या सुना संकटात सासवांच्या पुढे पळोत, आणि बाकीच्या वेळी मागे राहोत. ओमीन." सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. थोरलीने आशीर्वादात घातलं म्हणजे ती रीत झाली. आता गावात कुणाची जीभ उचलणार नव्हती. सालकिनने जावेकडे पाहिलं. शारिपा तिकडे बघत नव्हती, ती मांसाच्या पातेल्याकडे बघत होती.

जेवणाचं कापड उघडलं. नान तोडला गेला, सालकिनने स्वतः, आणि पहिला तुकडा जिबेकच्या हातात दिला.

"आपा," जिबेक हळू म्हणाली, "आज ऊन होतं, दिवस होता, शर्यत होती. पावसात काय?"

"म्हणून हे घर इथून हलणार नाही. बर्फ पडेपर्यंत. गाद्या इथेच, पीठ इथेच. तुझ्या मामंजींना सांगितलंय, घोडी रात्रीही लगामासकट बांधायची. आणि दर शुक्रवारी सामोवार पेटवायचा, तुझे पाय विसरू नयेत म्हणून."

"माझे पाय?"

"तुझे. माझे तर घोडीला आहेत."

जिबेकने तुकडा तोंडात घातला. चावताना तिचा चेहरा आधी रडवेला झाला आणि मग हसरा, आणि सालकिनने दोन्हींकडे दुर्लक्ष केलं.

तेवढ्यात जिबेकचा फोन वाजला. काराकोलहून तिची आई होती. जिबेक दोन पावलं बाजूला झाली, पण टेकडीचा माथा केवढा असणार. सगळ्यांनी आपापलं चावणं थांबवून ऐकलं.

"नाही, आई," जिबेक म्हणत होती. "येत नाही. नाही, भांडण नाही झालं. पेटी? रिकामी करते आज... तूच ये की. हो, पुढच्या शुक्रवारी. चामड्याचे बूट आण, सपाट टाचेचे." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. "पाहुणी म्हणून बसून राहता येणार नाही, आई, इथे पाहुण्यांनाही चढावं लागतं."

सालकिनने हात पुढे केला. फोन तिच्या हातात आला. तालायच्या लग्नापासून ती या बाईशी फोनवर बोलली नव्हती.

"विहीणबाई," ती म्हणाली, "या खुशाल. चहा देऊ, मेंढी कापू. पण थाळी वाजली की टेकडीवर मानपान नाही. ज्याचे पाय चांगले, तो पुढे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सालकिनने ऐकलं आणि मान हलवली.

"मी? मी माझ्या जावेबरोबर येते. आमचा क्रम अजून ठरायचाय."